चित्रकाराचा रकाना

आमच्या गावच्या वाचनालयात दाखल नोंदवही नावाचं एक जाडजूड बाड आहे. लाल कापडी बांधणी, आत उभे रकाने: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, आवृत्ती, पाने, किंमत आणि सगळ्यात शेवटी अरुंदसा ‘शेरा’. पुस्तक येतं तेव्हा त्याचा जन्म इथे नोंदतात, आणि जातं तेव्हा त्याच ओळीच्या शेऱ्यात ‘निर्लेखित’ असं लिहून टाकतात. गेल्या उन्हाळ्यात बालविभागातली फाटकी पुस्तकं काढून टाकायची होती, म्हणून मदतीला मी गेले होते. ढिगात दोन इंग्रजी पुस्तकं निघाली. अमेरिकेत असलेल्या कुणा गावकऱ्यानं कधीतरी खोकं भरून दिली होती, त्यातली. एक ‘वन्स अ माऊस’ आणि दुसरं ‘द ब्लू जॅकल’. दोन्हींतली चित्रं एकाच बाईंची, मार्शिया ब्राउन यांची. वहीत मात्र पहिल्यापुढे लेखक ‘ब्राउन’ आणि दुसऱ्यापुढे ‘गोभाई’. दुसऱ्या पुस्तकातून ब्राउनबाई गायब.

कारण साधंच आहे. पहिल्या पुस्तकातले शब्दही त्यांचे आहेत, दुसऱ्यात त्यांची फक्त चित्रं आहेत. आणि ‘फक्त चित्रं’ नोंदवायला वहीत जागाच नाही.

ही कारकुनी चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही, असं मला वाटतं. चित्रांच्या पुस्तकात चित्रकार हा दुसरा लेखक असतो, कधीकधी पहिलाच. त्याला रकाना नाही म्हणून तो सूचीत नाही, सूचीत नाही म्हणून कुणी त्याला शोधत नाही, आणि कुणी शोधत नाही म्हणून पुस्तक फाटलं की रद्दीत जातं. हा मुद्दा पटवायला ब्राउनबाईंचं पहिलं पुस्तक पुरेसं आहे. त्यातली गोष्टही आपलीच आहे.

‘पुनर्मूषको भव’ हे आपण बोलताना सहज वापरतो. मंत्रिपद गेलेल्या आमदारापासून भाव कोसळलेल्या शेअरपर्यंत कुणालाही. मूळ गोष्ट हितोपदेशातली. गौतमाच्या तपोवनात महातपा नावाचा मुनी राहतो. कावळ्याच्या चोचीतून पडलेलं उंदराचं पिल्लू त्याला दिसतं. तो त्याला रानभाताचे दाणे घालून वाढवतो. मांजर उंदराला खायला धावतं, तेव्हा मुनी उंदराचं मांजर करतो. मांजर कुत्र्याला भितं, म्हणून त्याचा कुत्रा. कुत्रा वाघाला भितो, म्हणून वाघ. मग लोक बोलू लागतात, की या वाघाला मुनीनं उंदराचा वाघ केला. ते वाघाच्या कानावर जातं. हा मुनी जिवंत आहे तोवर माझ्या मूळ रूपाची ही नाचक्की सरायची नाही, असा विचार करून तो मुनीलाच मारायला निघतो आणि पुन्हा उंदीर होतो. गोष्टीला जोडलेला श्लोकही सरळ आहे: ‘नीचः श्लाघ्यपदं प्राप्य स्वामिनं हन्तुमिच्छति’. हलक्या माणसाला वर चढवलं की तो धन्यावरच उलटतो. राजपुत्रांना राज्यकारभार शिकवायला रचलेला ग्रंथ आहे, त्यामुळे सल्लाही धन्याच्याच सोयीचा.

ब्राउनबाईंचं पुस्तक १९६१ साली न्यूयॉर्कला स्क्रिब्नर्सनं काढलं. शीर्षकाखाली त्यांनी लिहिलं आहे, लाकडात कोरलेली नीतिकथा. गोष्टीचा सांगाडा तोच. पण त्यांचा मुनी पहिल्या पानावर लहान आणि मोठं यांच्याबद्दल विचार करत बसलेला आहे, आणि शेवटच्या पानावरही तो तोच विचार करत बसलेला आहे. मधल्या पानांवर लोकांची कुजबुज नाही. वाघ झालेला उंदीर रानात मिरवत, बाकीच्या प्राण्यांवर रुबाब करत फिरतो, आणि मुनी स्वतःच त्याला त्यावरून टोकतो. म्हणजे त्याचा गुन्हा हलक्या कुळात जन्मण्याचा नाही, मिरवण्याचा आहे. श्लोकातला ‘नीच’ शब्द त्यांनी चुपचाप काढून घेतला आहे. जिथे माणसाची जागा जन्मावरून ठरत आली तिथे हा शब्द काय काम करतो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

तरी सगळं सुटतं असं नाही. माझ्या सात वर्षांच्या भाचीला मी ते पुस्तक मराठीत वाचून दाखवलं. शेवटचं पान झाल्यावर ती म्हणाली, “पण मावशी, वाघ व्हायचंय असं उंदीर कुठे म्हणाला होता?” खरंच म्हणाला नव्हता. हितोपदेशातही नाही आणि ब्राउनबाईंच्या पुस्तकातही नाही. मुनीनं स्वतःच्या मर्जीनं त्याला वाघ केलं आणि स्वतःच्या मर्जीनं उंदीर. हजारेक वर्षं सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतली ही फट आता सात वर्षांच्या मुलीला दिसली. ती बराच वेळ मुनीकडे बघत बसली होती. दाढीवाला, काटक, लाकडाच्या रेषांतूनच उगवल्यासारखा तो मुनी. गोष्ट मुनीच्या बाजूची, पण ती बोट ठेवून बसली होती उंदरावर.

आता त्या लाकडाकडे येऊ. शाळेत ठसेकाम सगळ्यांनी केलेलं असतं. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, कागदावर दाबायची, फूल तयार. बटाट्याचा अर्धा भाग घेऊन त्यावर नाव कोरायचं आणि ते उलटं उमटलं की वर्गात हशा. वुडकटचं, म्हणजे लाकडी ठशाच्या छापचित्राचं, तत्त्व तेच आहे. जे कोरून काढलं ते पांढरं राहतं आणि जे ठेवलं ते छापलं जातं. डावं ते उजवं होतं. फरक असा की बटाटा मऊ असतो आणि बिघडला तर आईकडून दुसरा मिळतो. फळी मिळत नाही. सुरी आणि पटाशी रेषेबरोबर चालवली तर लाकूड सोबत येतं, आडवी घातली तर अडतं, कपचा उडतो. उडालेला कपचा परत बसवता येत नाही, खोडरबर इथे कामाचं नाही.

रंगीत वुडकट म्हणजे हे सगळं रंगागणिक पुन्हा. प्रत्येक रंगाला वेगळी फळी, आणि सगळ्या फळ्यांवरची चित्रं केसभरही न हलता एकमेकांवर बसली पाहिजेत. एक रंग दुसऱ्यावर चढला की तिसरा होतो, त्यामुळे तीन फळ्यांतून हुशार माणूस पाच-सहा रंग काढतो. पण ते आधी डोक्यात ठरलेलं असावं लागतं. पिवळी फळी कोरताना हिरवी फळी कुठे येणार आणि कुठे येऊ द्यायची नाही, हे माहीत असावं लागतं. बुद्धिबळातल्या चालींसारखाच हा हिशेब आहे.

‘वन्स अ माऊस’मध्ये रंग मोजकेच आहेत. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचा पिवळट हिरवा, सावलीचा गडद हिरवा, मातीचा आणि लाल. लाल रंग ब्राउनबाईंना भारताचा वाटला, आणि जिथे हिंसा आहे तिथे तो बाकीच्या रंगांत घुसवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. एखाद्याच रंगात भारत पाहणं म्हणजे पाहुण्याची नजर. ते मान्य करायला हवं. पण दुसरा भाग बघा. लाल त्यांनी राखून ठेवला. जिथे तिथे उधळला नाही. त्यामुळे तो येतो तेव्हा वाचता न येणाऱ्या मुलालाही कळतं की आता काहीतरी बिघडणार. हेच काम शब्दांत करायचं तर लेखकाला दोन वाक्यं खर्च करावी लागतात, आणि तीही मोठ्या माणसानं वाचून दाखवली तरच पोचतात.

आणि रान? रान त्यांनी फारसं कोरलंच नाही. फळीच्या रेषांनी शाई घेतली आणि त्या रेषाच कागदावर गवत, झाडोरा, वारा झाल्या. झाड मेल्यावर त्याच्याकडून पुन्हा झाडाचं काम करून घेतलंय. मी ते पान खिडकीशी नेऊन तिरकं धरून बघितलं. पानावर बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत, पण डोळ्याला खरखरीत लागतो.

या गोष्टी लिहिताना मला जाणवतं की इतक्या बारकाईनं आपण मुलांच्या पुस्तकातल्या चित्राबद्दल बोलतच नाही. ‘चित्रं छान आहेत’ यापुढे परीक्षण जात नाही. दलाल, मुळगावकर ही नावं घराघरांत पोचली, पण ती दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे आणि दिनदर्शिकांमुळे, कोपऱ्यातल्या सहीमुळे. चांदोबातला खांद्यावर प्रेत टाकून तलवार उपसून निघालेला विक्रम आठवत नाही असा पन्नाशीचा मराठी माणूस विरळा. तो काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली गेले. किती जणांना माहीत होतं ते? चित्र पाठ असतं आणि चित्रकार अनोळखी, ही आपली जुनी सवय आहे.

ब्राउनबाईंना त्यांच्या देशात मान मिळाला, पण तोही गंमतीशीर आहे. जन्म १९१८चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. लाकडी ठशांचं काम त्या लुई शँकर या अमूर्त छापचित्रं करणाऱ्या कलावंताकडे शिकल्या. काही वर्षं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत नोकरी केली, तिथे मुलांना गोष्टी सांगितल्या. मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी अमेरिकेत मिळणारं कॅल्डेकॉट पदक त्यांना १९५५, १९६२ आणि १९८३ असं तीनदा मिळालं. तीनदा मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. तरीही मुलांच्या पुस्तकांच्या बाहेर त्यांचं नाव फारसं गेलं नाही. माझा अंदाज असा, की त्यांनी प्रत्येक पुस्तकाला वेगळा हात लावला. कुठे हलका जलरंग, कुठे लिनोकट, म्हणजे लाकडाऐवजी लिनोलियमवर कोरलेला ठसा, कुठे वुडकट, कुठे कागद कापून चिकटवलेला. गोष्ट काय मागते ते बघून त्या माध्यम बदलत राहिल्या. बाजाराला मात्र लांबून ओळखू येणारी शैली लागते. त्यांच्या चुकाही लपवायला नकोत. तिसऱ्या पदकाच्या पुस्तकात आफ्रिकेचं जे चित्र त्यांनी उभं केलं, त्यावर ठोकळेबाज म्हणून टीका झाली, आणि ती निराधार नव्हती.

त्या पदकाची एक बाब आपण उचलण्यासारखी आहे. ते अमेरिकेतली ग्रंथपालांची संघटना देते, आणि देते चित्रकाराला. १९३८ पासून. म्हणजे पुस्तकं कपाटात लावणाऱ्या लोकांनीच ठरवलं की चित्राचाही हिशेब ठेवायचा. आपल्याकडे साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते, तो लेखकाचा. मराठीत तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला, याचा आनंद आहेच. त्या लिहितात आणि चित्रंही काढतात. पण त्यांनी फक्त चित्रं काढली असती तर?

गंमत म्हणजे ज्यांच्या नावानं ते अमेरिकन पदक आहे, त्या रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांची रंगीत पुस्तकंही लाकडी ठशांवरूनच छापली गेली. ते ठसे कोरून रंग जुळवण्याचं काम लंडनचे छापखानेवाले एडमंड इव्हान्स यांच्याकडे होतं. कॅल्डेकॉट यांचं नाव पदकावर कोरलं गेलं आणि इव्हान्स अभ्यासकांपुरते उरले. रकान्याचा प्रश्न फक्त आपलाच आहे असं नव्हे.

आपला कायदा काय म्हणतो तेही बघायला हवं, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात ‘एन्ग्रेव्हिंग’ची जी व्याख्या आहे, तीत वुडकट नावानिशी आलेलं आहे. पुढे कलम १७ सांगतं, की कुणी मोबदला देऊन असं काम करवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे प्रकाशकानं पैसे मोजले की चित्र प्रकाशकाचं. पुष्कळ चित्रकार आणि पुष्कळ प्रकाशक इथेच थांबतात. पण कलम ५७ म्हणतं, की हक्क विकला तरी कृती आपली आहे असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, आणि कलाकृतीचा कर्ता म्हणजे कलावंत. तेव्हा चित्रकाराचं नाव छापणं हा काही प्रकाशकाचा मोठेपणा नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत आतल्या पानावर चित्रं आणि मुखपृष्ठ कुणाचं ते छापलेलं असतं. सरकारी पुस्तकाला जमतं ते इतरांना न जमायला काही कारण नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं, तपासणी होते, नोंदवह्या बघितल्या जातात. त्या नोंदवहीत एक रकाना वाढवायचा. संगणकावरच्या सूचीत चित्रकाराचं नाव घालायची सोय असतेच, फक्त कुणी भरत नाही. मुखपृष्ठावर लेखकाच्या शेजारी चित्रकार. आणि निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी, हे पुस्तक चित्रांसाठी ठेवायला हवं का, एवढा एक प्रश्न.

यावर मला मिळालेली उत्तरं ठरावीक आहेत. एक, मुलांची पुस्तकं फाटायचीच, फाटली म्हणजे वाचली गेली. शंभर टक्के मान्य. काचेच्या कपाटात ठेवलेलं बालवाङ्मय म्हणजे धूळ खायला ठेवलेली खेळणी. पण फाटणारी प्रत आणि राखून ठेवायची प्रत वेगळी असू शकते, किमान जिल्ह्याच्या ठिकाणी. दुसरं, की १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकांना कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यावीच लागते, मग जपणूक झालीच की. झाली, पण त्या प्रतींपर्यंत चित्रकाराच्या नावानं पोचता आलं तर. नाहीतर ती गोदामातली साठवण. आणि छापलेली पुस्तकं उरतील, मूळ चित्रांचं काय? ब्राउनबाईंची कच्ची रेखाटनं आणि पुस्तकांचे आराखडे त्या जिथे शिकल्या त्या आल्बनीच्या विद्यापीठानं सांभाळून ठेवले आहेत. आपल्याकडे पुस्तक छापून झाल्यावर मूळ चित्राचं काय होतं, हे कुणाही वयस्क चित्रकाराला विचारून बघा. माझ्या ओळखीतल्या एकानं हात झटकून दाखवले, बोलले काहीच नाहीत.

तिसरं उत्तर मला जास्त छळतं. आता संगणकाला सांगितलं की मिनिटात हवं ते चित्र मिळतं, हव्या त्या शैलीत, अगदी वुडकटसारखंसुद्धा. मग कोरणाऱ्याचं कौतुक कशाला? मी ते करून बघितलं. वाघ, मुनी, रान, लाकडी ठशाचा भास, सगळं आलं. रंगही आले, भरपूर आले. लाल सगळीकडे होता, कारण तो कुठे ठेवायचा नाही हे ठरवणारं कुणी नव्हतं. शिवाय त्या रानात लाकडाचे रेषे होते खरे, पण एकाच पानावर चार दिशांना धावत होते. अशी फळी कुठल्याच झाडातून निघत नाही.

राहिला निळा कोल्हा. ‘द ब्लू जॅकल’ १९७७चं, पंचतंत्रातल्या चंडरवाची गोष्ट. कुत्र्यांच्या भीतीनं पळताना तो रंगाऱ्याच्या नीळ भरलेल्या पिंपात पडतो, राजा होऊन बसतो, आणि दुरून कोल्हेकुई ऐकताच न राहवून ओरडतो. ही गोष्ट काळ्या-पांढऱ्या चित्रांत सांगताच येत नाही, कारण तिचं कथानकच रंग आहे. इंग्रजीत ती लिहिली मेहली गोभाई यांनी. मुंबईचे, १९३१चा जन्म, तेव्हा न्यूयॉर्कला होते, मुलांची पुस्तकं लिहीत आणि चित्रंही काढत. पुढे मुंबईला परतले आणि अमूर्त चित्रकार म्हणून ओळखले गेले. त्यांचे कॅनव्हास काळसर, मातकट, जुन्या चामड्यासारखे. २०१८ साली ते गेले. २०२०मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं, त्याचं नाव होतं ‘डोन्ट आस्क मी अबाउट कलर’. रंगाबद्दल मला विचारू नका. आणि आमच्या वाचनालयातल्या वहीत हाच माणूस निळ्या कोल्ह्याचा एकमेव धनी म्हणून नोंदलेला, रंग लावणारीचा पत्ता नाही. गोभाई स्वतः चित्रकार होते. त्यांना हे वाचून हसू आलं असतं की राग, कुणास ठाऊक.

दोन्ही पुस्तकं मी ढिगातून बाजूला काढली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “ताई, तुम्हाला हवी तर घेऊन जा, नाहीतरी जाणारच आहेत.” मी म्हटलं, नको, इथेच राहू देत, फक्त नोंद दुरुस्त करू. त्यांनी वही उघडली, पान काढलं, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. लेखकाच्या रकान्यात खाडाखोड चालत नाही, तपासणीत आक्षेप येतो. मग शेऱ्यात लिहू का? शेऱ्यातही पेनानं लिहायचं तर कार्यकारिणीचा ठराव लागेल, आणि बैठक गणपतीनंतर. शेवटी त्यांनी खणातून पेन्सिल काढून दिली. ‘चित्रे: मार्शिया ब्राउन’ एवढं लिहून झालं तेव्हा तो अरुंद रकाना भरला होता, ‘ब्राउन’मधला ‘न’ शेजारच्या पानाच्या शिवणीत गेला.